काचेतला ताणा

मी वाढवून सांगते असं लोक म्हणतात. माझं म्हणणं असं, की लोक कमी करून सांगतात आणि बोल माझ्यावर येतो. बंगळुरात लेकीच्या बाळंतपणाला मी गेले, तो मुक्काम एवढा लांबला की गेले तेव्हा शेजारच्या इमारतीचा नुसता खड्डा होता आणि निघाले तेव्हा तिच्या विसाव्या मजल्यावरून एक बाई माझ्या डोक्यावर चादर झटकत होती. नातू झाला तो असा, की नर्सनं त्याला उचलायला घेतलं आणि तशीच दुसरीला हाक मारली. तो रडला की खाली वॉचमन गाडीचा भोंगा समजून फाटक उघडायचा. लिफ्ट इतक्या जोरात वर जायची की मी आधी पोचायची, पोट मागाहून यायचं. आणि जावयानं एकदा हौसेनं माझ्या डब्यातलं भिवापुरी तिखट पोह्यांवर घेतलं, तर बिचारा संध्याकाळपर्यंत आपल्या आईशीसुद्धा इंग्रजीत बोलत होता.

हे सगळं मी परत येताना गाडीत समोरच्या बाकावरच्या बायांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, हसल्या, मला चिवडा दिला. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. तिकडे झोपेत माझे पाय हलायचे. लेक म्हणायची, "आई, रात्रभर कोनाले लाथा मारून राहिली वं?" मी म्हणायची, "तुह्या बापाले. जिवंतपणी राहून गेल्या." खरं तर मी मागाच्या पावड्या दाबत होते.

माझं घर उमरेडला, कोष्ट्यांच्या गल्लीत. घर कसलं, मागाला छप्पर आहे आणि उरलेल्या जागेत माणसं राहतात. राहत होती म्हणू. सासरे गेले, नवरा गेला, सासू गेली, लेक सासरी गेली. जमिनीत खड्डा करून बसवलेला हातमाग आहे, आणि त्या खड्ड्यात पाय सोडून बसणारी मी. करवतकाठी लुगडी विणते. करवतीच्या दातांसारखे काठाला दात असतात, म्हणून करवतकाठी. माझ्या लुगड्याच्या दातांनी एकदा एका गिऱ्हाइकाचं बोट कापलं होतं. ते जाऊ द्या.

या मागाचं एक आहे. त्यावरचा ताणा, म्हणजे उभी सुतं, कधी पुरा कापत नाहीत. लुगडं विणून झालं की ते उतरवायचं, पण मागच्या बाजूला हात-दीड हात ताणा तसाच राहू द्यायचा. फणीच्या दातांतून, दोऱ्याच्या डोळ्यांतून ओवलेला. मग नव्या ताण्याचं एकेक सूत त्या जुन्या शेपटीला पीळ देऊन जोडायचं. त्याला सांधणी म्हणतात. ते बायांचं काम. जुनं सूत ओढलं की नवं त्याच्यामागून आपोआप दातांतून, डोळ्यांतून येतं, जसं शाळेत एका पोराचं बोट धरून दुसरं जातं. म्हणजे आज मागावर आहे तो ताणा कालच्याला जोडलेला, कालचा परवाच्याला, आणि असं करत माझ्या सासूच्या म्हणण्याप्रमाणे तो थेट भोसल्यांच्या राज्यापर्यंत जातो. सासू सांगायची, की या मागावरची पहिली गाठ ज्यानं मारली त्यानं राजाच्या हत्तीला पागोटं विणून दिलं होतं, आणि हत्तीनं ते आवडलं म्हणून सोंडेनं नमस्कार केला होता. माझ्या सासूपुढे मी काहीच वाढवून सांगत नाही. हत्ती खोटा असेल. ताणा खरा होता.

गल्लीत ज्या घरात विणणारं कोणी उरलं नाही, त्या घरी ताणा कापायचे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून एकेक कापलेला पाहिला आहे. तिरडी उठताना रडली नाही अशी बाई कात्री पाहून रडलेली मी पाहिली. आमचा मात्र उभा होता. निघण्याआधी मी अर्धं लुगडं विणून ठेवलं, नवा ताणा तयार करून जुन्या चादरीत गुंडाळून फळीवर ठेवला, आणि घराची किल्ली नागपूरच्या दिराकडे दिली. म्हटलं, "भाऊजी, येता-जाता उंदीर तेवढे पाहून घ्या. बाकी कशाले हात लावू नका." तो म्हणाला, "वहिनी, बेफिकीर राहा."

मी जोवर विणत होते तोवर मला त्या घरातून कोणी हलवू शकत नव्हतं. लेक म्हणायची, एकटी कशाला राहते, चल इकडे. मी म्हणायची, हे लुगडं उतरलं की पाहू. ते उतरेपर्यंत पुढचा ताणा सांधलेला असायचा. यम दारात आला असता तर त्यालाही मी हेच सांगितलं असतं, आणि तो बसून राहिला असता, कारण अर्ध्या लुगड्यावरून बाईला उठवायचं पाप तोसुद्धा घेणार नाही. बंगळुरातून निघताना लेक रडली नाही याचं मला नवल वाटलं. एवढंच म्हणाली, "आई, नागपूरले काकाकडे उतर. काका सांगतील सगळं." मला वाटलं, बारशाच्या जेवणाचं असेल.

गाडी सकाळी नागपूरला लागली. तिथून उमरेडची बस मिळायला काही त्रास नाही, सरळ जाऊन संध्याकाळपर्यंत मागावर बसायचं असा माझा बेत. पण दीर स्टेशनावर उभा. नवी गाडी, गाडीत वास येतो ना तसल्या अत्तराचं कागदी झाड लटकवलेलं.

"वहिनी, कशा आहा? वाळल्या तुमी."

"वाळली नाही, तुमच्या पुतणीनं उकडून ठेवलं. भाऊजी, मले बसवर सोडून द्या. सांजेले मागावर बसाचं आहे."

तो स्टेअरिंगकडे पाहत म्हणाला, "पहिले जेवून घ्या. तुमच्या जावेनं पाटवडी केली हाये. मग मी सोडतो ना."

हा माझा दीर विमानतळाजवळच्या मिहानमध्ये एका कंपनीत गोदाम सांभाळतो. विमानाचे सुटे भाग येतात, ते मोजून फळीवर ठेवायचे. उमरेडला मी सांगितलंय की विमानाचे पंख तोच पिळतो, आणि त्यानं सही केल्याशिवाय एकही विमान उडत नाही. गल्लीत त्याला केवढा मान आहे. लहानपणी तो मागाच्या खड्ड्याजवळ झोपायचा, उन्हाळ्यात तिथे गार असतं म्हणून. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेतून येऊन सुताच्या कांड्या भरायचा आणि मी त्याला गूळ-शेंगदाणे द्यायची. रस्त्यात मी त्याला नातवाचं सांगत होते, भोंग्याची गोष्ट सांगितली, तो हसला. पण हसायच्या जागी हसला नाही, जरा आधी हसला. गोष्ट सांगणाऱ्याला हे लगेच कळतं. समोरचा ऐकत नसून वाट पाहत असतो.

त्यांचं घर वर्धा रोडकडच्या नव्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. दारातच जाऊ उभी. धाकटी असली तरी आता माझ्यापेक्षा जड झालीय, पण हात तेच, लांबट, बारीक बोटांचे. हिचं आणि माझं एक सांगून ठेवते, कारण पुढे लागेल. ही लग्न होऊन उमरेडलाच आली होती, नागपूर फार नंतरचं. कधी फणी मोडली किंवा कापडाचा पन्हा बदलायचा असला, की सगळा ताणा पुन्हा नव्यानं ओवावा लागायचा. त्याला फणी भरणं म्हणतात. ते एकट्याचं काम नाही. एक जण मागच्या बाजूला बसून सूत उचलून देतो, दुसरा पुढून आकड्यानं ओढून घेतो. एक सूत, मग दुसरं, मग तिसरं, हजारांत जातात. मी देणार, ही घेणार. चुकायची नाही. बोलता बोलता, सासूच्या नकला करता करता घ्यायची, डोळे माझ्याकडे आणि आकडा बरोबर सुताखाली. मी सांगते की ती डोळ्याला पट्टी बांधून फणी भरायची, ते खोटं आहे. पण फार खोटं नाही.

"या वं बाई," ती म्हणाली. पाया पडली, आणि उठताना माझ्याकडे न पाहता आत गेली. "पानी आनतो."

दीर म्हणाला, "वहिनी, आधी इकडे पाहा. तुमच्यासाठी एक गंमत करून ठेवली."

बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर भिंतीत एक दिवा बसवला होता, खाली उजेड पाडणारा. त्या उजेडात काचेची मोठी चौकट, लाकडी, कोरीव. आत कापड ताणून लावलेलं. करवतकाठी. टसरचं अंग, लाल काठ.

माझ्या तोंडून आधी कौतुकच निघालं. "अगं बाई, कोनाचा हात हाये हा? काठ तर पाहा." विणणाऱ्याला स्वतःचं काम भिंतीवर ओळखू येत नाही. ते त्यानं नेहमी मांडीजवळ, वरून पाहिलेलं असतं. मग मला खालच्या बाजूला एक बोटभर पट्टा दिसला, बाकीच्यापेक्षा दाट ठोकलेला. तो पट्टा मला माहीत होता. ते विणत होते तेव्हा गल्लीतली एक बाई खिडकीतून मला म्हणाली होती, की आता पोरीकडे चालली म्हणजे परत काय येते. तिला मारता येत नव्हतं, म्हणून मी सूत ठोकायचा लाकडी हात्या जोरात मारला होता.

"हे माझं हाये," मी म्हटलं.

"मंग! तुमचंच." दीर खूश झाला. "मिहानमधले साहेब लोकं आले होते जेवाले, उभे राहून पाहत होते. म्हटलं, आमच्या घरची परंपरा हाये. आमच्या वहिनीचा हात."

"मागावरून उतरवलं?"

"हाव."

"अर्धंच होतं ना ते."

"अर्धंच बरं दिसते चौकटीत. पुरं लुगडं कुठं मावते?"

मी जवळ गेले. कापडाचं वरचं टोक पाहिलं. तिथे सुटी सुतं असायला हवी होती. विणलेलं संपतं आणि ताणा सुरू होतो ती जागा. ती सरळ रेषेत साफ होती, जशी न्हाव्यानं मानेवरची केसं काढावी.

"इथली सुतं?"

"ती लोंबत होती, वहिनी. फ्रेमवाला म्हने, चांगलं नाही दिसत, काटून टाकू."

"आनि फणीतली? मागं उरलेला ताणा होता."

आतून पाण्याचा तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला, पण जाऊ बाहेर आली नाही.

"भाऊजी, मागं उरलेला ताणा होता."

"काढलं. सगळं काढून घेतलं मी. गुंता झाला होता, फेकून देला."

मी त्याची बाजू घ्यायचा खूप प्रयत्न केला. मनात म्हटलं, याला शहरात येऊन किती वर्षं झाली, विसरला असेल. कापड तेवढं दिसलं, कापून आणलं, माझा मान करावा म्हणून खर्च केला, चौकट केली. चुकून केलं. अशी चूक कोणाच्याही हातून होते. मी त्याला ती चूक हातात देऊ केली, जशी लहान पोराला खोटं बोलायला जागा द्यावी तशी.

"तुमाले आठवलं नसन, भाऊजी. पुरं काढाचं नसते ते."

त्यानं घ्यायची होती ती चूक. माझ्यासारखा असता तर घेतली असती, वर आणखी दोन उंदीर आणि एक गळतं छप्पर जोडून दिलं असतं. पण आमच्या घरात खोटं बोलण्याचं काम मी एकटीनं केलं, बाकीच्यांना सवयच राहिली नाही.

"आठवत होतं, वहिनी," तो म्हणाला. "आठवत होतं म्हनूनच काढलं."

मी खुर्ची ओढून बसले.

"तुमी ताणा उभा असेपर्यंत तिथून हलनार नाही, हे का मले माहीत नाही? माय तशीच होती. शेवटले मागावरच डोकं टेकवून गेली. तुमी एकल्या. पडल्या-झडल्या तर गल्लीत आता पानी देनारं कोन हाये? पोरगी फोनवर रडून राहिली होती. म्हने काका, आई माहं ऐकत नाही, तुमीच काही करा."

"तिनं सांगितलं, काप म्हनून?"

"काप असं नाही म्हनलं." तो जमिनीकडे पाहत राहिला. "म्हने, आईले इकडे ठेवून घेतो तवर तो माग बंद करता येईन का पाहा."

म्हणजे मी तिकडे झोपेत पावड्या दाबत होते आणि पलीकडच्या खोलीत माझी लेक फोनवर हे बोलत होती. दुपट्याच्या घड्या मी करत होते, तेलानं नातवाचे पाय मी चोळत होते, आणि इकडे कात्री चालली होती. मला जे कळायचं ते कळलं. हा मुक्काम बाळंतपणासाठी होता हे खरं, पण तो लांबला होता या कामासाठी.

"मी सगळं नीट केलं, वहिनी," दीर म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता, आणि त्याचा मला जास्त राग आला. "आंघोळ करून गेलो. नारळ फोडला. मायचं नाव घेतलं, मंगच कात्री लावली."

"म्हनजे तेरावं केलं माहं."

"असं काहून बोलता?"

"बोलू कशी? फोटो लावला, वर दिवा लावला. हार तेवढा राहिला, तो आनला का?"

तो उठून बाल्कनीत गेला. मी त्या चौकटीखाली बसून राहिले. माझ्या आयुष्यात मी कित्येकांना गप्प केलं, तहसीलदाराला केलं, एकदा उधळलेल्या बैलाला नुसत्या बोलण्यानं गप्प केलं आहे. पण कोणाला गप्प केल्याचा एवढा कमी आनंद मला कधी झाला नव्हता.

जावेनं ताटं वाढली. पाटवडीचा रस्सा आमच्या गल्लीचाच, काळ्या मसाल्याचा, वर तर्री. एवढा तिखट की डोळ्यांतून पाणी यायला कारण शोधावं लागत नव्हतं. तिघांनीही त्याचा फायदा घेतला. जेवताना माझं डोकं चालू झालं. ताणा कापला, म्हणजे सांधणी गेली. पण माग जागेवर आहे, फणी आहे, आणि फळीवर नवा ताणा गुंडाळून ठेवलेला आहे. पुन्हा पहिल्यापासून ओवला तर? सासूचा हत्ती गेला तो गेला. आता माझ्यापासून सुरू. दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस माझ्यासमोर भाकरी वाढत होतं.

"तू चल माह्यासंगं," मी जावेला म्हटलं. "दोन दिवस. फणी भरू."

तिचा हात टोपल्यावर थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. ताटाकडे पाहिलं.

"मले आता कुठचं दिसते, बाई."

"काहून?"

"मोतीबिंदू म्हनते डॉक्टर."

"धंतोलीतल्या डॉक्टरले दाखवलं," दीर म्हणाला. "ऑपरेशन सांगितलं हाये."

"दोन्ही डोळ्यांत?"

"हाव ना," ती म्हणाली. "बारीक कायीच नाही दिसत. सूत तर नाहीच."

गल्लीत दुसरं कोण होतं? मी मनातल्या मनात घरं मोजत गेले. हा नागपुरात कापडाच्या दुकानात, तो बांधकामावर, ती म्हातारी हात थरथरतात म्हणून स्वतःच्या साडीची गाठ मारू शकत नाही. बाकीच्या सुनांना फणी म्हणजे डोक्याची. फणी भरणारी अशी एकच उरली होती आणि तिला दिसत नव्हतं. नशीब म्हणायचं. मी म्हटलं, "जाऊ दे मंग. डोळे सांभाळ." आणि मनापासून म्हटलं. आम्ही त्या मागासमोर आमने-सामने बसून काढलेली वर्षं होती. मला तिच्या डोळ्यांचं वाईट वाटलं.

निघायची वेळ झाली. दीर गाडीची किल्ली शोधत होता. माझी पिशवी उचलली तर बंद तुटला. नातवाचे जुने कपडे, बंगळुराचा म्हैसूरपाक, सगळं दगडासारखं जड. मी म्हटलं, दोरी बांधते. जाऊ म्हणाली, "थांबा, दोन टाके टाकून देतो." तिनं कपाटातून सुईदोरा काढला. दोरा ओठांत धरून ओला केला, बोटांत पिळला, सुई उजेडाकडे केली आणि ओवली. एका झटक्यात. चष्मा नाही, दोनदा नाही. बारीक सुई होती, कपड्याची, पोत्याची नव्हे. मग बंदाला टाके टाकले, असे एकसारखे की मशीनही लाजावी, दातांनी दोरा तोडला आणि पिशवी माझ्यापुढे ठेवली.

तेव्हा तिला कळलं.

ती सुई हातात धरून उभी राहिली. मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. स्वच्छ होते. तिचा चेहरा असा झाला की मी दुसरीकडे पाहिलं. मागून दीर म्हणाला, "झालं का? चला." मी बोलू शकले असते. माझ्याकडे त्या घटकेला एवढ्या गोष्टी होत्या की त्यांनी नववा मजला खाली बसला असता. पण तिला नको होतं यायला. मागासमोर बसायला नको होतं, उमरेडला नको होतं, माझ्यासमोर नको होतं. ज्याला यायचं नाही त्याच्याजवळ कारण नसलं तरी चालतं. तिनं डोळ्यांचं दिलं हा तिचा भलेपणाच.

बसस्टँडवर दीर खिडकीशी येऊन उभा राहिला. "एक महिना राहा, वहिनी. घर आवरा. मंग मी येतो, तुमाले गाडीत बसवून देतो बंगळुरासाठी." मी म्हटलं, "पंख पिळून ठेवा विमानाचे. विमानानंच जाईन." तो हसला. यावेळी बरोबर जागी हसला.

मी गेले नाही. अजून उमरेडलाच आहे. आल्या आल्या मी एकटीनं फणी भरायचा घाट घातला. मागच्या बाजूनं सूत ठेवायचं, उठून पुढे यायचं, आकडा घालायचा, तोवर सूत सटकलेलं; पुन्हा मागे. तेल्याचा बैल घाण्याभोवती फिरतो तशी मी मागाभोवती फिरले. एवढी फिरले की चालत नागपूरला पोचले असते आणि जावेला हाताला धरून आणलं असतं. एकदा सूत पायाच्या अंगठ्याला बांधून पाहिलं. वीतभर रुंदी भरली, आणि मग दिसलं की सगळी सुतं एक घर सोडून गेली आहेत. उपसून टाकली. नवा ताणा पुन्हा चादरीत गुंडाळून फळीवर आहे.

लेक आणि दीर मला न्यायचं म्हणून आळीपाळीनं फोन करायचे. शेवटी एकदा दिराचा फोन आला तेव्हा मी फोन मांडीवर ठेवला, खड्ड्यात पाय सोडले आणि रिकाम्या मागाचा हात्या मारायला सुरुवात केली. खट्. पावडी. खट्.

"हे काय वाजून राहिलं, वहिनी?"

"माग. दुसरं काय वाजन इथं?"

"चालू झाला?"

"मंग! मोठी गर्दी झाली होती. भंडाऱ्याहून बाया आल्या फणी भरायले. एक तर आंधळी होती, तिनंच जास्ती भरली." मी त्याला सगळं सांगितलं, बायांना काय रांधून घातलं, कोण काय बोललं, पहिल्या लुगड्याचा काठ कोणत्या रंगाचा. त्यानं विश्वास ठेवला की नाही कोण जाणे. तो हात्याच्या आवाजात झोपून मोठा झालेला माणूस आहे. कापड असलं की हात्या कापडावर बसतो, आवाज दबका येतो. रिकाम्या मागावर लाकूड लाकडाला लागतं.

"माह्या जावेले फोन द्या," मी म्हटलं.

तिनं फोन घेतला. मी दोनदा जोरात मारला.

"ऐकू येते का वं?"

ती ऐकत राहिली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिला कान आहेत. तिच्याइतका तो आवाज कोणीच ऐकलेला नाही, माझ्याशिवाय.

"समोर कोन बसलं होतं, बाई?" तिनं हळूच विचारलं.

"होती एक. तुह्याच वयाची."

"चुकली नाही ना?"

"नाही. लय बारीक दिसते तिले."

तिनं नुसतं एवढं म्हणायचं होतं, की लाकूड वाजून राहिलं. भांडली असती तरी चाललं असतं.

"चांगला येऊन राहिला आवाज," ती म्हणाली. "चांगला ठोक बसून राहिला, बाई." आणि फोन नवऱ्याकडे दिला.

तो "बरं, वहिनी, ठेवतो" म्हणाला तोवर मी मारतच होते. फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ मारला, गल्लीतही ऐकू जायला हवं होतं म्हणून.